युगोस्लाव्हियाचा गोळाभात

आमचं घर स्वीडन आहे. लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. नळाला पाणी किती वाजता येतं, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिला आहे आणि आपण स्वीडन. पहिल्या दोन मी लगेच टिपून घेतल्या. तिसरी नवऱ्याला विचारली. तो दाढी करत होता.

"हो ना," आरशातूनच तो म्हणाला. "समोरचे मामा युगोस्लाव्हिया, कोपऱ्यावरचे ब्राझील. काल रात्री इथे जेवलीस ना? मग तूही स्वीडन."

हे कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल. चेरीतालच्या आमच्या वस्तीत बरीच मराठी घरं आहेत. कुणाचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, कुणाचे रेल्वेत, आणि दोन-तीन घरं तर भोसल्यांच्या चाकरीपासून इथलीच. या सगळ्यांचं एक मंडळ आहे आणि मंडळाचं एक मैदान. दर चार वर्षांनी हिवाळ्यात तिथे खेळांच्या स्पर्धा होतात. लगोरी, रस्सीखेच, लिंबू-चमचा, कॅरम, तीन पायांची शर्यत, असं सगळं.

माझा नवरा शाळेत असताना कारखान्यात एक नवं यंत्र बसवायला दोन परदेशी माणसं आली होती. मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, त्याच विभागात होते. रविवारी बिचाऱ्यांनी खोलीवर बसून काय करायचं, म्हणून ते त्यांना मैदानावर घेऊन आले आणि लगोरीत उभं केलं. एकाने चेंडू शेजारच्या गच्चीवर फेकला, दुसऱ्याने लगोरीच्या चपट्या दगडावर पाय आपटून अंगठा फोडून घेतला. पण परदेशी माणसं खेळली हे खरं. घाईघाईने पेंटरकडून बॅनर रंगवून आणला गेला, 'आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा'.

चार वर्षांनी ती माणसं नव्हती, पण बॅनर होता. कापड जाडजूड, रंग जराही उडालेला नाही. असला बॅनर टाकून कसा द्यायचा, यावर बैठक झाली. तोडगा असा निघाला की बॅनर तसाच ठेवायचा आणि देश आणायचे. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक घराने एक उचलली. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातून झेंडे पाहून बायकांनी घरात होतं त्या कापडातून ते शिवले. आमच्या स्वीडनचा पिवळा क्रॉस सासूबाईंच्या शालूच्या ब्लाउजपीसचा आहे, त्यामुळे त्याला जरीचा काठ आहे. मंडळाच्या आत्ताच्या अध्यक्षांच्या घरी स्वित्झर्लंडची चिठ्ठी निघाली. लाल कापडावर पांढरा क्रॉस. तेव्हापासून स्पर्धेत ज्याचा गुडघा फुटतो तो थेट त्यांच्या मांडवात जातो. अध्यक्षांच्या पत्नी आता कापूस आणि आयोडीन घेऊनच बसतात.

बाकीचे रिवाजही हळूहळू आले. संचलन आलं. मशाल आली. भेडाघाटच्या कारागिराकडून पदकं करून घ्यायची प्रथा आली. ती संगमरवराची असतात, त्यामुळे जिंकणाऱ्याची मान थोडा वेळ खाली जाते, आणि कारागिराला गणपतीच कोरायची सवय असल्यामुळे प्रत्येक पदकावर गणपती असतो. विजेत्याचं राष्ट्रगीतही वाजतं, पण पेटी वाजवणाऱ्या काकूंना एकच धून नीट येते, त्यामुळे सगळ्या देशांचं राष्ट्रगीत एकच आहे.

आणि नियम आला. घरात सून आली की ती कुठल्या देशाची? लेक लग्न होऊन त्याच वस्तीत गेली तर? यावर भांडणं व्हायला लागली तेव्हा ठरलं की ज्या घरचं जेवण, त्या घरचा देश. हा नियम वस्तीत लहान मुलालाही पाठ आहे. नव्या नवरीच्या ताटात पहिला वरणभात पडला की कुणीतरी हमखास ओरडतं, "झाली बरं का ब्राझीलची!"

स्पर्धेची सचिव मी गेल्या वेळेपासून आहे. मांडववाला, पाण्याचे कॅन, लिंबं, चुना, रस्सी हे सगळं वेळेवर येतं, कारण आधी मी यादी करते आणि मग यादीमागे लागते. एरवी ते काम कुणालाच नको होतं.

यंदाच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा पुसला, म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं होतं. ते हिशेब खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, नियमाला पक्के.

"युगोस्लाव्हियाचा प्रश्न घ्यायला हवा," ते म्हणाले. "एक तर हा देश आता नकाशावर नाही."

हे खरं होतं. तो देश मोडल्याला इतकी वर्षं झाली होती की त्या वर्षी जन्मलेल्यांनाही आता मुलं झाली असतील. आमच्या वस्तीत ती बातमी पोचली नव्हती असं नाही, पण कुणी मनावर घेतली नव्हती.

"नकाशावर नाही तर नाही," मामा म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते, ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, गुडघ्यावर मफलर. "आपल्या मैदानावर आहे ना?"

"दुसरं म्हणजे, संघात किमान तीन खेळाडू लागतात. तुमच्याकडे किती आहेत?"

सगळ्यांनाच उत्तर माहीत होतं. मुलगा कॅनडात, तिकडेच संसार. आणि मामी गेल्या वर्षी गेल्या. युगोस्लाव्हियाची लोकसंख्या एक होती.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी पर्याय आणले होते. मामांनी क्रोएशिया घ्यावा, तो नकाशावर आहे. किंवा बहिणीच्या घरात, म्हणजे स्वीडनमध्ये, विलीन व्हावं. किंवा व्यासपीठावर मानाची खुर्ची घ्यावी, वर शाल-श्रीफळ.

"मले खुर्ची नको," मामा म्हणाले. "शाल तर मुळीच नको, शाली घरी पेटीभर पडल्या आहेत. मले झेंडा घेऊन चालायचं आहे, बस. इतकी वर्षं ती पुढे झेंडा घेऊन चालायची आणि मी मागे. यावेळी मी धरीन म्हटलं होतं तिले. दवाखान्यात म्हटलं होतं."

झेंडा मामींनीच शिवला होता, निळा-पांढरा-लाल, मध्ये तांबडा तारा. तो तारा त्यांनी तीनदा उसवून पुन्हा लावला होता, कारण पाचवं टोक जमत नव्हतं. बाद झालेल्या देशांचे झेंडे मंडळाच्या कपाटात जातात. तिथे फुटके फुटबॉल आहेत आणि उंदीर.

"नियम आहे," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "तीन माणसं आणा, मी स्वतः माईकवरून नाव पुकारतो. संचलनाच्या सकाळपर्यंत वेळ आहे."

मामांनी पहिला प्रयत्न भाडेकरूवर केला. वरच्या खोलीत बँकेतला एक ओडिया माणूस राहतो, एकटाच. मामांकडे तो अधूनमधून जेवतोही, त्यामुळे जेवणाचा मुद्दा नव्हता. पण मंडळ मराठी, तेव्हा त्याला मराठी येतं का हे बघणं आलं. अध्यक्ष, मी आणि पेटीवाल्या काकू असे तिघं त्याच्यासमोर बसलो.

"आपल्याला मराठी येतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "बसा. चहा घ्या. बिजली गेली."

"अजून?"

तो आठवू लागला. मामांनी खिडकीतून त्याला धीर दिला. शेवटी तो हसत म्हणाला, "काय बाप्पा, डोकं खाऊन राहिले तुम्ही!"

हे मराठी अस्सल होतं, उच्चारही स्वच्छ. पण ते अध्यक्षांना उद्देशून म्हटलं गेल्यामुळे अर्ज फेटाळला गेला. तो बिचारा नंतर मला विचारत होता, "दीदी, गलत बोला क्या? अंकल तो रोज यही बोलते हैं।"

त्या संध्याकाळी मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, देठं कागदात गुंडाळली आणि कपाटावरची बॅग काढायला लावली.

"कुठे निघालात आई?"

"माहेरी."

माहेर समोर आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामांची कपडे वाळत घालायची दोरी दिसते. मधे गल्ली आहे, तिची रुंदी एका ऑटोएवढी.

"अहो, पण..."

"माहेरपणाला जाऊन राहिली मी. आई गेल्यापासून गेली नाही. बाईमाणसाने कधीच जाऊ नये का माहेरी? आणि तिथे जेवणार, म्हणजे कोण झाली मी? सांग, तू सचिव आहेस ना?"

"युगोस्लाव्हिया," मी म्हटलं.

"मग लिही."

मी लिहिलं. त्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या, दोन सुती साड्या आणि माझे चालायचे बूट गेले. नवरा ऑफिसातून आला तर आई नाही. "आई कुठे?" "युगोस्लाव्हियात." त्याने खिडकीतून पाहिलं. समोर बहीणभाऊ ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. आईने त्याला हात केला, जसा प्लॅटफॉर्मवरून करतात.

पण याचे परिणाम लगेच दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी ब्राझीलची सून बॅग घेऊन दोन घरं पलीकडे तिच्या माहेरी, हंगेरीत गेली. नणंद आलेली पाहून हंगेरीची सून रागावून आपल्या माहेरी जपानला गेली. कुणाचं काही अडलेलं नव्हतं, पण सासूबाईंनी दार उघडलं होतं. दोन दिवसांत वस्तीत इतक्या बॅगा फिरल्या की मांडववाला गोंधळला. तो मला फोन करून विचारत होता, "दीदी, जापान वालों की कुर्सियाँ बढ़ानी हैं क्या? सब उधर ही बैठी हैं।"

माझ्या याद्यांचा पार विचका झाला. ब्राझीलमध्ये फक्त पुरुष उरले, आणि ते तीन वेळा पोहे खाऊन राहिले होते. नवऱ्याने मला विचारलं, "तू नाही जात?" माझं माहेर नागपूर. नागपूर हा देश नाही, हे मी स्वतःच मागच्या खेपेला बैठकीत मान्य केलं होतं.

अध्यक्ष तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आले. हातात घडी केलेला कागद.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई खरंच समोर जेवतात का? की हे नाटक आहे? बॅग तिकडे आणि जेवण इकडे, असं चालणार नाही. मला प्रत्यक्ष पाहणी करायची आहे. तुम्ही सचिव, तुम्ही साक्षीला चला."

"पण तसंही दोनच होतात ना त्यांचे," मी म्हटलं.

"मुद्दा तत्त्वाचा आहे."

मला वाटतं मुद्दा थोडा वेगळाही असावा. अध्यक्षांना रक्तदाब, त्यात त्यांच्या घरी डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला. मीठ कमी, तेल नाही, फोडणी नावाला. आणि समोरच्या घरातून हिंगाचा वास गल्लीभर पसरला होता.

आम्ही गेलो तेव्हा ताटं मांडलेलीच होती. सासूबाईंनी गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातात शिजवलेले, बाजूला कढी, आणि लोखंडी पळीत मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी. हा पदार्थ त्यांनी आमच्याकडे कितीतरी वर्षं केला नव्हता. "दादाले आवडते," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष दारातच उभे राहिले. "मी फक्त बघायला आलोय."

"बसून बघा ना," मामा म्हणाले. "उभ्याने काय दिसते?"

ते बसले. सासूबाईंनी पाट सरकवला, समोर ताट ठेवलं.

"नको, नको. मी जेवून आलो."

"काय जेवले?"

अध्यक्षांनी पळीतल्या फोडणीकडे पाहिलं. "दुधी."

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाढलं.

आता सांगते, मराठी घरात ताट समोर आल्यावर माणसाला उठता येत नाही. अन्नाचा अपमान होतो, वाढणाऱ्या बाईचा होतो, आणि हा गृहस्थ तर आयुष्यभर प्रत्येक रीत पाळत आलेला. त्यांनी पाणी फिरवलं, चित्राहुती घातली. एक घास घेतला. मग सासूबाईंनी गोळा फोडून त्यावर ती फोडणी ओतली, चर्र आवाज झाला आणि अध्यक्षांनी डोळे मिटले.

मी साक्षीदार होते. त्यांनी भात दोनदा घेतला. कढी वाटीने प्यायले. तिसऱ्यांदा "अर्धाच" म्हणाले आणि अख्खा गोळा घेतला. मामांचं स्वतःचं जेवण थांबलं होतं, ते फक्त अध्यक्षांच्या हाताकडे बघत होते, ताटातून तोंडाकडे आणि तोंडातून ताटाकडे.

सासूबाई खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "झाले तीन."

अध्यक्षांचा हात थांबला.

"काय तीन?"

"ज्या घरचं जेवण..." मामांनी सुरुवात केली आणि वाक्य तसंच टाकून आपल्या ताटातला गार झालेला घास तोंडात घातला.

"हे बरोबर नाही," अध्यक्ष म्हणाले. "मी निरीक्षक म्हणून जेवलो."

"निरीक्षक चव घेतात साहेब," मी म्हटलं. "तुम्ही दोनदा भात घेतलात."

"अडीचदा," सासूबाई म्हणाल्या.

"पण मी स्वित्झर्लंड आहे! आम्ही तटस्थ आहोत!"

"मग दुधी खायचा ना घरी," सासूबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी बोटांना लागलेल्या भाताकडे पाहिलं. हा माणूस नियम मोडू शकला असता, कोण काय बोललं असतं? पण त्यांनी आयुष्यात एकही नियम स्वतःसाठी वाकवलेला नव्हता आणि या वयात सुरुवात कशी करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. ताटातला शेवटचा घास त्यांनी संपवला. मग म्हणाले, "घरी कळता कामा नये."

"युगोस्लाव्हियाचं?" मी विचारलं.

"तेलाचं."

संचलनाच्या दिवशी सकाळी मशाल आणायला मी आणि नवरा तिलवाऱ्याला गेलो. नर्मदेकाठी कंदील पेटवायचा आणि गाडीतून मैदानापर्यंत न विझता आणायचा, असा रिवाज आहे. काचा वर, पंखा बंद, नवऱ्याच्या मांडीवर कंदील. तो दरवेळी नागपूर रोडवरच्या पहिल्याच गतिरोधकावर विझतो. आम्ही पुन्हा काडी ओढतो. काडेपेटी तिलवाऱ्याच्या टपरीवरूनच घेतलेली असते, त्यामुळे अग्नी तिथलाच, असं मंडळाचं मत आहे. यंदा तो तीनदा विझला आणि नवऱ्याच्या पँटवर रॉकेल सांडलं. मैदानात आमचं स्वागत पेटीवर झालं, त्याच धूनमध्ये.

माईकवरून देशांची नावं अध्यक्ष पुकारतात, इतकी वर्षं तेच. त्यांनी ब्राझील पुकारला, जपान पुकारला, त्यात अर्धी हंगेरी होती. स्वीडन पुकारलं आणि मी आणि रॉकेलचा वास येणारा नवरा असे दोघंच चालून आलो, कारण मुलगी परीक्षेसाठी पुण्याला आहे. आमचे दोनच होतात हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सगळ्यांच्या संघांची मोजदाद करणाऱ्या सचिवाचाच देश अपुरा. अध्यक्षांनी वरून माझ्याकडे पाहिलं, बोटं मोजली आणि, देव त्यांचं भलं करो, चष्मा काढून खिशात ठेवला.

स्वित्झर्लंड झालं. मग ते माईकपासून बाजूला झाले, खाली उतरले आणि मला खूण केली. मी वर गेले. माझ्या हातातल्या कागदावर एकच नाव राहिलं होतं.

"युगोस्लाव्हिया," मी म्हटलं.

मैदानाच्या टोकाकडून ते तिघं निघाले. मागे अध्यक्ष, ताठ, पाय चुकत होता. मधे सासूबाई, सुती साडीखाली माझे बूट. पुढे मामा. झेंड्याची काठी बांबूची, चांगली जड, आणि मामांचा उजवा खांदा दुखतो, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघं-तिघं मदतीला पुढे झाले. मामांनी मान हलवून त्यांना लांब केलं. वारा सुटला होता आणि कापड त्यांच्या तोंडावर येत होतं, त्यामुळे समोरचं त्यांना दिसत नसावं. तरी रेषा चुकली नाही. इतकी वर्षं तिच्या मागून ते त्याच रेषेवर चालत आले होते.

स्वित्झर्लंडच्या मांडवात अध्यक्षांच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या. "अहो, हे तिकडे काय करताहेत?" त्या शेजारणीला विचारत होत्या. "कुणाकडे जेवले हे?"

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. युगोस्लाव्हिया रस्सीखेचीत पहिल्या ओढीतच गेला, अध्यक्षांच्या तळहाताची साल निघाली आणि ते सवयीने स्वित्झर्लंडच्या मांडवात गेले. तिथे त्यांच्या पत्नीने आयोडीन लावलं, जरा जोरानेच, आणि तेलाचं सगळं त्यांच्याकडून वदवून घेतलं. कॅरममध्ये मामा दुसरे आले. पदकाच्या ओझ्याने मान वाकली, त्यांनी ती मुद्दाम आणखी वाकवली.

संध्याकाळी बॅगा परत फिरल्या. ब्राझीलमध्ये फोडणीचे वास येऊ लागले. मी समोर जाऊन म्हटलं, "आई, स्पर्धा संपली. चला घरी."

"स्पर्धा संपली असेल," सासूबाई म्हणाल्या. "माहेरपण कुठे संपलं? तू जेवलीस का?"

त्यांच्या मागे मामा ओट्यावर झेंड्याची घडी घालत होते. ताऱ्याचं पाचवं टोक थोडं सुटलं होतं. "सूनबाई, तुझ्याकडे तांबडा दोरा असेल ना?" त्यांनी विचारलं. "मंडळाच्या कपाटात नाही ठेवून राहिलो मी हा. घरीच राहू दे."

मी दोरा आणायला निघाले, तर सासूबाईंनी हाताला धरून बसवलं आणि पाट सरकवला. मी ताटाकडे पाहिलं. स्वीडनमध्ये नवरा एकटाच होता.

"उद्या जेवेन," मी म्हटलं, आणि दोरा आणायला गेले.